अभ्यासाचे तास आणि उरलेले तास

कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने अभ्यास किती करावा, आणि मित्रमंडळी, मैदान, नाटक, सभा यांत वेळ किती दवडावा, हा प्रश्न बापाने विचारावयाचा आणि मुलाने टाळावयाचा, असा आपल्याकडे जुना शिरस्ता आहे. जून महिना आला की तो घरोघरी निघतो आणि परीक्षेचे निकाल लागले की पुन्हा निघतो. मधले दिवस दोन्ही पक्ष एकमेकांना सांभाळून घेतात. या प्रश्नाला एक इतिहास आहे, हे मात्र सहसा कोणी ध्यानात घेत नाही. जणू काही तो प्रत्येक घरात पहिल्यानेच उत्पन्न झाला आहे, अशा आवेशाने त्यावर भांडणे होतात. आज आम्हांस त्या इतिहासाची चार पाने चाळावयाची आहेत.

आपल्या जुन्या पाठशाळेत हा प्रश्न नव्हता. विद्यार्थी गुरुगृही राही, तेथेच जेवी, तेथेच पाणी भरी आणि तेथेच घोकी. प्रतिपदा, अष्टमी असे अनध्यायाचे दिवस ठरलेले असत. त्या दिवशी पाठ नाही, म्हणजे नाही. सुटी शास्त्राने दिलेली, तेव्हा तिच्याविषयी कोणास अपराधी वाटण्याचे कारण नव्हते. इंग्रजी राज्यात कॉलेज आले आणि त्याबरोबर घंटा, वेळापत्रक आणि वर्षाच्या टोकाला उभी असलेली परीक्षा आली. चार-पाच तास व्याख्याने झाली की उरलेला दिवस विद्यार्थ्याचा. या उरलेल्या तासांचे करावयाचे काय? आमच्या मते महाराष्ट्राच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांतील सार्वजनिक जीवनाचा मोठा भाग या उरलेल्या तासांतून निघालेला आहे. आणि हे तास सर्वांस सारखे वाटून मिळाले नव्हते, हीही गोष्ट तितकीच खरी आहे.

पहिले पान मुंबईचे. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणांनी प्रोफेसर पॅटन यांच्या प्रोत्साहनाने एक सभा काढली. इंग्रजीत तिचे नाव ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’. देशी भाषांतून निबंध वाचण्यासाठी तिच्या मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या. इथपर्यंत सारे ठीक होते. तरुणांनी निबंध वाचावे, टाळ्या घ्याव्या, यात वडीलधाऱ्यांना कौतुकच वाटते. पण १८४९ साली या मंडळींनी मुलींच्या शाळा काढल्या, आणि स्वतःच सकाळच्या वेळी, एक पैही न घेता, त्या शाळांतून शिकवू लागले. दादाभाई नौरोजी या खटपटीत अग्रभागी होते. नाना शंकरशेट यांच्यासारख्या वजनदार गृहस्थांनी पाठबळ दिले. मुली शिकल्या तर बिघडतील, अशी ओरड झालीच. आज त्या ओरडीचे हसू येते. पण ज्या मुलांनी पहाटेची झोप मोडून त्या शाळा चालविल्या, त्यांच्या घरी काय बोलणी बसली असतील, याची कल्पना करणे कठीण नाही. स्वतःचा अभ्यास सोडून दुसऱ्याच्या मुली शिकविण्याचा हा उद्योग कोणी सांगितला आहे, असे विचारणारा एखादा काका प्रत्येक घरात असतोच.

मुंबई विश्वविद्यालय १८५७ साली स्थापन झाले आणि हिशेब बदलला. आता पदवी आली, आणि पदवीच्या मागे नोकरी उभी राहिली. १८५९ साली पहिली प्रवेश परीक्षा झाली; उत्तीर्ण झालेल्या २१ जणांत माधवराव रानडे होते. १८६२ साली पहिले चार बी. ए. झाले, त्यांत रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही नावे आहेत. रानड्यांचे तास पुस्तकांत जात. इतके वाचले की डोळे बिघडले आणि पुढे ते जन्मभर अधू राहिले. या मुलाला सामाजिक आयुष्य असे काही होते काय, असे कोणी विचारील. पण एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना करून मराठ्यांस झुकते माप दिले, आणि प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती काही महिने बंद ठेवली, अशी हकिकत त्यांच्या चरित्रांत येते. म्हणजे अभ्यासाच्या तासातही धोका होता! हेच रानडे पुढे पुण्यास न्यायाधीश असता १८७५ साली त्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. कोर्टाचे काम संपल्यावर उरलेल्या तासांचे काय करावयाचे, हे त्यांनी ठरविले ते असे.

आता दुसरे पान, आणि येथे आम्हांस थोडे अधिक रेंगाळावयाचे आहे. स्थळ पुणे, म्हणजे खरे तर पुणे नव्हे, नदीपलीकडील येरवडा. पेशवाईतील दक्षिणेच्या पैशांतून १८२१ साली निघालेली संस्कृत पाठशाळा रूपांतरे होत होत १८६४ साली ‘डेक्कन कॉलेज’ झाली, आणि १८६८ साली येरवड्याच्या टेकाडावर गॉथिक धर्तीच्या दगडी इमारतीत राहावयास गेली. गाव काही मैल दूर. पोरांनी तेथेच राहावयाचे, तेथेच जेवावयाचे. पेठेतील नातेवाईक रोज डोळ्यांत तेल घालून पाहू शकत नव्हते. लग्ने झालेली पोरे ही. घरी बायको, सासुरवाडी, देणेघेणे सारे असे. पण कॉलेजच्या कुंपणाच्या आत त्यांना आयुष्यात प्रथमच स्वतःचा वेळ मिळाला. हा वेळ कसा खर्चला गेला याची दोन उदाहरणे एकाच साली जन्मलेली आहेत, १८५६ साली.

बाळ गंगाधर टिळक १८७३ साली या कॉलेजात आले. वडील गंगाधरपंत आदल्या वर्षी वारले होते, तरी शिक्षण पुरे होईल इतकी तजवीज मागे राहिली होती आणि डोक्यावर चुलत्यांचे छत्र होते. प्रकृती नाजूक, पोटाची तक्रार. तेव्हा या मुलाने पहिल्याच वर्षी एक विलक्षण निर्णय घेतला: या वर्षी पुस्तक बाजूला, शरीर आधी. तालीम, कुस्ती, पोहणे आणि भरपूर खाणे असा क्रम वर्षभर चालला. परीक्षा हातची गेली. शरीर मात्र असे झाले की पुढे ते आयुष्यभर पुरले. मित्रांना धाक असा, की जे विद्यार्थी बाटल्यांतील औषधे पिऊन प्रकृती सुधारू पाहात, त्यांच्या बाटल्या हा फेकून देई, असे चरित्रकार सांगतात. व्याख्यानांना नियमाने बसणे हेही त्यांच्या स्वभावात नव्हते. पण केरूनाना छत्रे यांच्यासारख्या गणितज्ञापुढे हा मुलगा मन लावून बसे. आणि १८७६ साली पहिल्या वर्गात बी. ए. झाला. एम. ए. मात्र साधले नाही. १८७९ साली एल्‌एल्‌. बी. झाले.

ही गोष्ट आपल्याकडे तरुणांना फार सांगितली जाते. तालमीच्या उद्घाटनाला तर ती हटकून येते. टिळकांनी एक वर्ष शरीरास दिले, तुम्हीही द्या! सांगणारे एक गोष्ट विसरतात. एक वर्ष देण्यासाठी ते वर्ष आधी आपल्या मालकीचे असावे लागते. नापास झाल्यावर पुढच्या वर्षाची फी कोठून येणार, ही विवंचना ज्याला नाही, त्याचाच तो निर्णय. टिळकांच्या निश्चयाचे मोल यामुळे उणे होत नाही. पण त्या निश्चयाखाली जी जमीन होती ती दिसली पाहिजे.

ती दिसते गोपाळ गणेश आगरकरांकडे पाहिले म्हणजे. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा हा मुलगा. घरी अठराविश्वे दारिद्र्य. कऱ्हाडच्या कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले, शिक्षणासाठी रत्नागिरीपर्यंत पायपीट केली, शेवटी अकोल्यास नातेवाइकांच्या आश्रयाने राहून १८७५ साली मॅट्रिक झाला आणि तेथील शिक्षक विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्या साहाय्याने डेक्कन कॉलेजात दाखल झाला. अंगात घालावयास एकच सदरा. तो रात्री धुवावयाचा, वाळत घालावयाचा आणि सकाळी पुन्हा चढवावयाचा. पैसा मिळवावयाचा तो कसा? वर्तमानपत्रांतून लेख लिहून, वक्तृत्वाच्या स्पर्धांत बक्षिसे मिळवून, शिष्यवृत्ती पटकावून.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. वादसभा, वक्तृत्व, लेखन, ज्यांना आपण आज अभ्यासाबाहेरचे उपक्रम म्हणतो आणि ज्यांत मुलगा फार गुंतला की बाप कपाळाला आठ्या घालतो, ते आगरकरांचे पोट होते. एकाच व्यासपीठावर एक मुलगा हौसेने बोलतो आहे आणि दुसरा पुढच्या महिन्याच्या खानावळीसाठी बोलतो आहे; खाली बसलेल्या श्रोत्यांना दोघेही सारखेच उत्साही दिसत असतील. परीक्षेच्या फीसाठी नाटक लिहून विकावे असे आगरकरांनी मनात आणले होते, आणि हे कानी येताच केरूनाना छत्र्यांनी स्वतः पैसे पुढे केले, अशीही एक आठवण सांगितली जाते. ज्या छत्र्यांच्या गणितात टिळक रमले त्याच छत्र्यांनी आगरकरांची फी भरली असेल, तर त्या शिक्षकाला दोन विद्यार्थ्यांच्या दोन गरजा बरोबर कळल्या होत्या असे म्हटले पाहिजे.

या दोघांची गाठ घट्ट बसली ती १८७९ साली. टिळक कायद्याचा अभ्यास करीत होते, आगरकर एम. ए.चा. दोघांपुढे परीक्षा होती आणि दोघेही तासन्‌तास बोलत होते. टेकाडावर फिरताना, खोलीत, रात्री उशिरापर्यंत. विषय एकच: सरकारी नोकरी करावयाची नाही, तर करावयाचे काय? पुस्तके उघडी टाकून दोन मुले मध्यरात्रीपर्यंत देशाची चर्चा करीत बसली आहेत, हे दृश्य कोणत्याही वसतिगृहाच्या देखरेख्याला वेळेचा अपव्ययच वाटेल. त्या अपव्ययातून काय निघाले ते सर्वांस ठाऊक आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरी सोडून आले, २ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, आगरकर एम. ए. होऊन मागाहून त्यात सामील झाले. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ निघाला, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उघडले.

एम. ए.च्या परीक्षेच्या सुमाराला आगरकरांनी आईला लिहिलेले पत्र महाराष्ट्राला पाठ आहे. मुलगा मोठी परीक्षा देतो आहे, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल, अशी आशा तू धरू नकोस. पोटापुरत्या पैशांवर संतोष मानून मी सारा वेळ परहितासाठी खर्चणार आहे, असा त्याचा आशय. त्या पत्राची थोरवी आम्ही मानतोच. पण ते ज्या घरात पोहोचले त्या घराचाही विचार मनात येतो. पोराच्या शिक्षणाकडे डोळे लावून बसलेली ती माउली. तिने त्या पत्रावर काय म्हटले हे इतिहासाने नोंदविलेले नाही. मुलाने आपल्या तासांचा हिशेब कसा लावावा, यात घरच्या माणसांची जी गुंतवणूक असते ती अशा थोर पत्रांतून बहुधा निसटून जाते.

पुढे १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघांनाही शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले आहे. येरवड्याच्या टेकाडावरची बोलणी तेथेही संपली नव्हती. संपली ती नंतर, सामाजिक सुधारणेच्या वादात. १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ साली ‘सुधारक’ काढला, आणि १८९० साली टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. १८९५ साली आगरकर दम्याने वारले. वय अवघे ३८. टिळकांनी मंडालेची सहा वर्षे सोसली आणि ६४ वर्षे आयुष्य काढले. एकाला तालमीचे एक वर्ष मिळाले म्हणून तो जगला आणि दुसऱ्याला मिळाले नाही म्हणून तो गेला, असे आम्ही म्हणणार नाही. दमा असा हिशेब पाहात नाही. तरी एका सदऱ्यावर काढलेल्या त्या वर्षांची आठवण येथे येतेच.

आतापर्यंत ज्यांच्याविषयी बोललो त्यांना निदान कॉलेजच्या आवारात आपल्या बरोबरीच्यांत बसता-उठता येत होते. याच डेक्कन कॉलेजात काही वर्षांनी कॉर्नेलिया सोराबजी ही मुलगी आली. साऱ्या कॉलेजात मुलगी ती एकटीच. वर्गात शिरताना मुले तोंडावर दार लावून घेत, असे तिने पुढे लिहून ठेवले आहे. या मुलीला कोणी सांगावे, की बाई, अभ्यासाबरोबर चार मैत्रिणी जोड, संमेलनात भाग घे? तिला अभ्यासाशिवाय दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता. ती मुंबई विश्वविद्यालयाची पहिली स्त्री पदवीधर झाली आणि परीक्षेत चमकली. त्या यशाबद्दल विलायतेस जाण्याची जी सरकारी शिष्यवृत्ती पुरुषाला मिळाली असती, ती स्त्री म्हणून तिला नाकारली गेली. तरी ती १८८९ साली ऑक्सफर्डला गेली आणि १८९२ साली तेथे कायद्याच्या परीक्षेला बसली.

स्त्रियांच्या तोंडावर जसे दार लागले तसेच ते अस्पृश्य मानलेल्यांच्या तोंडावर लागले होते, आणि म्हणून शेवटचे पान आम्ही पुन्हा एल्फिन्स्टनचे उघडतो. भीमराव आंबेडकर तेथे शिकत होते ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर. कॉलेजातील हॉटेलवाला त्यांना चहा काय, पाणीही देत नसे. सुटीच्या तासात मित्रांनी एका टेबलाभोवती बसावयाचे, हा विद्यार्थिजीवनाचा अगदी साधा आनंद. तो ज्याला मनाई आहे, त्याने अभ्यास आणि मौज यांत तोल कसा साधावा? १९१२ साली ते बी. ए. झाले. १९१३ साली महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विश्वविद्यालयात गेले. परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करीन असा करार लिहून देऊन.

तेथे प्रथमच सगळ्यांच्या पंगतीला बसावयास मिळाले. समतेचा हा अनुभव आपल्याला अमेरिकेत आला, असे त्यांनी स्वतः म्हटले आहे. आरंभीचे काही दिवस त्या मोकळेपणात, मित्रांच्या संगतीत गेले, असे चरित्रकार लिहितात, आणि आम्हांस तर ते वाचून बरे वाटते. मग मात्र त्यांनी स्वतःला अभ्यासास असे जुंपले की दिवसाचे अठरा अठरा तास पुस्तकांत जाऊ लागले. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान असे विषयांमागून विषय घेतले. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले. लाला लजपतराय त्या काळी न्यूयॉर्कमध्ये होते. त्यांनी या हुशार तरुणाला राजकारणात ओढू पाहिले, तेव्हा आधी अभ्यास पुरा करीन आणि महाराजांना दिलेला शब्द पाळीन, असे सांगून आंबेडकरांनी नम्रपणे नकार दिला, असे सांगतात. टिळक-आगरकरांनी अभ्यास बाजूस ठेवून देशाची चर्चा केली. आंबेडकरांनी देशाची चर्चा बाजूस ठेवून अभ्यास केला. पण १९१६ च्या मे महिन्यात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. विद्यार्थ्याने वर्गात वाचलेला तो निबंध. त्यात अभ्यास कोठे संपतो आणि सार्वजनिक काम कोठे सुरू होते, हे आम्हांस तरी सांगता येणार नाही.

डेक्कन कॉलेजचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील म्हणून सांगतो. ते १९३४ साली सरकारने बंद केले आणि १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. टिळक ज्या खोलीत राहात ती तेथे दाखविली जाते. आगरकरांचा सदरा कोठल्या दोरीवर वाळत असे, ते दाखविण्याची सोय अर्थातच नाही.

१९४६ सालच्या जूनमध्ये आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. तेथे वर्ग सकाळी भरत; दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून वेळ तशी ठेवली होती. सकाळी कॉलेज, दुपारी कचेरी, रात्री अभ्यास, असा ज्यांचा दिवस त्यांना चौथ्या गोष्टीस वेळ तो कसला राहणार, असे कोणासही वाटेल. पण त्या कॉलेजात विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरत असे, ठराव मांडले जात आणि त्यांवर वाद होत. १९५० सालच्या जानेवारीत त्या पार्लमेंटपुढे देशाचे कायदेमंत्री स्वतः येऊन हिंदू कोड बिलावर बोलले.